निफाडची थंडी आणि आईची धाप : दिवाळीपासून होळीपर्यंत काय सांभाळायचं

प्रश्न : आई ६३ वर्षांची, निफाड तालुक्यात शेतातल्या घरी राहते. तीस वर्षं चुलीवर स्वयंपाक केला. आता गॅस आहे, तरी भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच होतं. दोन वर्षांपूर्वी स्पायरोमेट्री (फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी) करून डॉक्टरांनी सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार, असल्याचं सांगितलं. उन्हाळ्यात बरी असते, पण गेल्या दोन्ही हिवाळ्यांत छाती भरून दवाखान्यात ठेवावं लागलं. श्वासातून औषध घ्यायचा पंप (इनहेलर) दिलाय, पण ‘सवय लागेल’ म्हणून ती फार दम लागला तरच घेते. रात्री खिडक्या बंद करून खोलीत कोळशाची शेगडी ठेवतो. वाफेचं मशीन घ्यावं का? आणि दोन महिने तिला मुंबईला आणावं का?

उत्तर : आधी शेगडी. ती आज रात्रीच खोलीबाहेर काढा, बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल. बंद खोलीत कोळसा धुमसत राहिला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्टपणे या वायूला धरून ठेवतं, त्यामुळे शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचा ऑक्सिमीटर इथे फसतो. त्याला दोन्हींतला फरक कळत नाही आणि तो ९७-९८ दाखवत राहतो. सकाळी डोकं जड वाटणं, मळमळ, चक्कर ही लक्षणं ‘थंडी बाधली’ म्हणून सोडून दिली जातात. धडधाकट माणसाच्याही जिवाला यात धोका असतो, मग थकलेल्या फुप्फुसांचं काय सांगायचं.

ऊब द्यायची ती अंगाला आणि अंथरुणाला. झोपायच्या अर्धा तास आधी गरम पाण्याची पिशवी गोधडीत ठेवा. पायांत मोजे, डोक्याला कानटोपी, आणि एका जाड स्वेटरऐवजी दोन-तीन पातळ थर घाला, म्हणजे छातीवर वजन येत नाही. गोधड्या रोज दुपारी उन्हात टाका. वीज असेल तर आत तेल भरलेला, न चमकणारा विजेचा हीटर बरा, कारण तो हवा ढवळत नाही आणि धूळही उडवत नाही. खोलीत १८ अंशांच्या आसपास तापमान राहिलं तरी पुरे.

अंघोळीच्या पाण्याचा बंब किंवा चूल अंगणात, धूर वाऱ्याने घरापासून दूर जाईल अशा बाजूला पेटवा आणि ती आईंनी पेटवायची नाही. पेटवताना फुंकणी मारणं, ओलं सरपण सरकवणं, गोवऱ्यांचा पहिला पांढरा धूर, सगळ्यात जास्त धूर छातीत जातो तो याच दहा मिनिटांत. भाकरीचा प्रश्न मात्र मनाचा आहे. चुलीवरच्या भाकरीची चव गॅसवर येत नाही हे खरं, पण तव्यावर भाजून मग जाळीवर फुगवलेली भाकरी आई महिनाभरात स्वीकारतील. भाकरी दुसऱ्या कुणी चुलीवर केली तरी धूर घरातच फिरतो, म्हणून चूलच बाहेर गेली पाहिजे. गॅस गिझर घेणार असाल तर तो न्हाणीघराबाहेर बसवा. आत असलाच तर बादली भरून घ्यायची, गिझर बंद करायचा आणि मगच आत जायचं. तोही बंद जागेत तोच विषारी वायू सोडतो.

आता थंडीत छाती का भरते ते पाहू. फक्त गारठ्यामुळे भरते ही समजूत अपुरी आहे. गार, कोरडी हवा श्वासनलिका आखडवते, पण दवाखान्यापर्यंत नेतात ती मुख्यतः दोन कारणं : सर्दी-फ्लूचे विषाणू आणि जमिनीलगत साचलेला धूर. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर गार होते. तिच्यालगतची हवा थंड आणि जड होऊन खालीच बसते, वर उबदार हवेचं झाकण पडतं. मग चुलींचा, पाचट जाळल्याचा, रस्त्यावरचा धूर वर जाऊच शकत नाही. पारा खाली आला की तुमच्या भागात द्राक्षबागा वाचवायला पहाटे शेकोट्या पेटवून धूर करतात. बागाईतदाराचा नाइलाज असतो, पण तोच धूर सकाळी आठ-नऊपर्यंत वस्तीवर तरंगतो. पहाटे पाचला ‘शुद्ध हवेत’ फिरायला जाणाऱ्यांना दिवसातली सर्वांत घाण हवा मिळते.

म्हणून खिडक्यांचा हिशोब घड्याळावर ठेवा. साधारण ११ ते ३ दारं-खिडक्या सताड उघड्या. संध्याकाळी चुली पेटायच्या वेळी आणि पहाटे धुराकडची खिडकी बंद. रात्री वाऱ्याच्या उलट बाजूची एक खिडकी चार बोटं उघडी ठेवा. पूर्ण बंद खोलीत चार माणसं झोपली आणि एकाला सर्दी असली की सकाळपर्यंत ती सगळ्यांची होते. सर्दी झालेल्या नातवंडाला आजीजवळ झोपवू नका, हे सांगायला जड जातं, पण सांगा. मच्छरची कॉइल, धूप, उदबत्ती, कापूर हे सगळं आईंच्या खोलीतून हद्दपार. डासांसाठी मच्छरदाणी. दिवाळीत चकल्या-शेव तळताना त्या कढईजवळ बसायला नकोत, आणि फटाक्यांच्या संध्याकाळी घरातच राहू द्या.

सगळ्यात मोठी चूक मात्र पंपाच्या बाबतीत होते आहे. सीओपीडीची औषधं दोन जातींची. एक रोजचं, श्वासनलिका दिवसभर उघडी ठेवणारं. दुसरं तात्पुरतं, दम लागला की काही मिनिटांत सैल करणारं, बहुतेकदा सालब्युटामॉल किंवा लेव्होसालब्युटामॉल. रोजचं औषध रक्तदाबाच्या गोळीसारखं असतं. बरं वाटतं म्हणून सोडलं की पुढच्या विषाणूला दार उघडं मिळतं. ‘सवय’ पंपाची लागत नाही, गरज आजाराची असते. उलट हिशोब पाहा : सालब्युटामॉलच्या पंपाचा एक दाब १०० मायक्रोग्रॅम, तर गोळी ४ मिलिग्रॅम, म्हणजे चाळीस पट. गोळीने हात थरथरतात, धडधडतं. पंपाचं औषध थेट जिथे हवं तिथे पडतं. आईंकडे यातला कोणता पंप आहे ते डॉक्टरांना नीट विचारा आणि ‘रोज’ आणि ‘गरजेला’ असे शब्द मोठ्या अक्षरांत डब्यांवर चिकटवा. रंगावर जाऊ नका, कंपनीगणिक रंग बदलतात.

घ्यायची पद्धत चुकली तर महागातलं औषधही जिभेवर आणि घशातच राहतं. थेट तोंडात दाबायचा पंप वयस्कर माणसाला सहसा जमत नाही, कारण दाबणं आणि श्वास ओढणं एका क्षणी व्हावं लागतं. म्हणून स्पेसर घ्याच, म्हणजे पंपाला लावायची प्लास्टिकची पोकळ नळी, जिच्यात औषध क्षणभर थांबतं. पंपाचं टोपण काढा, आत काही अडकलंय का बघा, चार-पाच वेळा जोरात हलवा, स्पेसरला लावा. आईंनी ताठ बसून सावकाश श्वास सोडायचा, नळी दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटायचे. एकदाच दाबा. लगेच तोंडाने हळू, खोल श्वास, तीन ते पाच सेकंदांचा. स्पेसरची शिट्टी वाजली तर ओढ फार जोरात आहे. मग श्वास दहा सेकंद रोखायचा. जमत नसेल तर स्पेसरमध्येच चार-पाच साधे श्वास घेऊ द्या. दुसरा दाब हवा असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबून, पुन्हा हलवून. दोन दाब एकदम मारले तर बरंच औषध स्पेसरच्या भिंतींना चिकटून वाया जातं.

नवा पंप किंवा बरेच दिवस पडून राहिलेला पंप आधी हवेत तीन-चारदा दाबून घ्या. निफाडच्या पहाटे पंप गारठलेला असेल तर दाबातून कमी औषध येतं, तेव्हा तो तळहातात धरून कोमट करा. रात्री तो उशीजवळ ठेवावा, खिडकीच्या कट्ट्यावर नको. कधीही गरम पाण्यात किंवा चुलीजवळ ठेवू नका, डबा दाबाखाली असतो. पंपात स्टेरॉइड असेल तर प्रत्येक वेळी गुळण्या करून पाणी थुंकायचं, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते आणि आवाज बसतो. किती दाब उरलेत ते पंपावरच्या आकड्यावर पाहा. आकडा नसेल तर सुरू केल्याची तारीख लिहून हिशोब ठेवा. पंप पाण्यात तरंगवून बघायची युक्ती भरवशाची नाही, औषध संपल्यावरही नुसता वायू फुसफुसत राहतो.

स्पेसर पंधरवड्यातून एकदा कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून बुडवा आणि तसाच निथळत वाळू द्या. फडक्याने पुसला तर प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध आतल्या भिंतीलाच चिकटतं.

डॉक्टरांनी पंपाऐवजी कॅप्सूल फोडून ओढायचं यंत्र दिलं असेल तर तिथे उलटं आहे. त्यात श्वास जोरात आणि झटक्याने ओढावा लागतो. ओढल्यावर कॅप्सूल उघडून पाहा. पावडर उरत असेल तर आईंची ओढ कमी पडतेय, डॉक्टरांना सांगून स्पेसरचा पंप मागा. यंत्रात फुंकर मारू नये, दमटपणाने पावडरीच्या गुठळ्या होतात. आणि ही कॅप्सूल गिळायची नाही. हे वेगळं सांगायला लागतं, कारण घरातल्या इतर गोळ्यांसोबत ती गिळली जाते.

वाफेच्या मशीनबद्दल, म्हणजे नेब्युलायझरबद्दल. रोजच्यासाठी गरज नाही. स्पेसरमधून एकेक करून घेतलेले चार ते सहा दाब बहुतेक वेळा मशीनइतकंच काम करतात, विजेशिवाय. हात फार थरथरत असतील किंवा स्पेसर धरणंच जमत नसेल तर मशीन घ्यावं. त्यात औषधात मिसळायला फक्त निर्जंतुक सलाइन, नळाचं किंवा उकळलेलं पाणी नाही. कप आणि मास्क दर वेळी धुऊन वाळवा, ओल्या कपातले जंतू थेट फुप्फुसात जातात. मशीन घरात असलं की ‘अजून एकदा देऊन बघू’ म्हणत रात्र निघते आणि माणूस उशिरा दवाखान्यात पोचतो, हा त्याचा खरा धोका. तीन-चार तासांच्या आत पुन्हा द्यावंसं वाटलं तर ती निघायची वेळ. पातेल्यातली साधी गरम वाफ नाक मोकळं करते, फुप्फुसापर्यंत औषध म्हणून काही पोचत नाही. थरथरत्या माणसाच्या मांडीवर उकळतं पातेलं ठेवणं म्हणजे भाजण्याला निमंत्रण. निलगिरी किंवा बाम त्यात टाकू नका, काहींची श्वासनलिका त्यानेच आखडते.

लसी आत्ताच बघा. फ्लूची लस दर वर्षी लागते. महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यात एकदा आणि जानेवारी ते मार्चमध्ये पुन्हा वर येतो. त्यामुळे एरवी पावसाळ्याआधी घेतलेली बरी, पण राहिली असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जरूर घ्या. असर यायला साधारण दोन आठवडे लागतात. दंड दुखणं, दिवसभर कणकण चालायचंच. लसीने फ्लू होत नाही. न्यूमोनियाची लस वेगळी : आधी जंतूच्या १३ जातींविरुद्धची, वर्षभराने २३ जातींची, किंवा नवी २० जातींची एकच. कोणती मिळते ते विचारून घ्या. घरातल्या सगळ्यांनी फ्लूची लस घेतली तर आईंभोवती कुंपण पडतं.

काही औषधं मात्र आईंच्या हाती लागू देऊ नका. झोपेच्या गोळ्या आणि कोडीनचं खोकल्याचं सिरप श्वासाची प्रेरणा मंदावतात. डोळ्यांत काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब असतील तर छातीच्या डॉक्टरांना सांगा, एवढासा थेंबही श्वासनलिका आखडू शकतो. श्वासनलिका सैल करणाऱ्या थिओफिलिनच्या गोळ्या चालू असताना गावातल्या डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक दिलं तर रक्तात थिओफिलिन साचतं. ओकाऱ्या, धडधड, क्वचित फिट. म्हणून चालू औषधांची यादी मोबाइलमध्ये ठेवून प्रत्येक डॉक्टरला दाखवा. आणि ‘दम्याच्या पुड्या’, ज्यांवर काहीच लिहिलेलं नसतं, त्या नकोत. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. चार दिवस जादूसारखा गुण येतो, मग साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात.

दिवसाचा क्रम असा लावा. उठल्यावर कोमट पाणी, पंप, त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी बेडका काढणं. त्यासाठी दोन-तीन खोल श्वास घेऊन तोंड उघडं ठेवून, आरशावर वाफ काढतो तसा ‘हाऽ’ करून हवा बाहेर ढकलायची. जोरात खोकून थकण्यापेक्षा यात कफ सहज वर येतो. अंघोळ अकरानंतर, न्हाणीघराचं दार थोडं उघडं, स्टुलावर बसून. अंग पुसण्यात हात वर करून खूप दम जातो, त्यापेक्षा मोठा टॉवेल अंगाभोवती गुंडाळून पाच मिनिटं बसू द्या. चालणं ऊन चढल्यावर, तेही रोज. दम लागतो म्हणून चालणं थांबवलं की मांड्यांचे स्नायू झिजतात आणि मग कमी कामात जास्त दम लागतो. दम लागला की थांबून, पुढे वाकून, हात मांड्यांवर टेकवून, नाकाने श्वास घेऊन तोंडाने फुंकर घातल्यासारखा सोडायचा, आत घेण्याच्या दुप्पट वेळ. बाहेर पडताना नाका-तोंडावर पदर किंवा मफलर सैलसर घ्यावा, म्हणजे आत जाणारी हवा कोमट होते. तुरीच्या मळणीच्या दिवशी मात्र पदराने भागत नाही, तिथून लांबच राहायचं.

जेवण थोडं-थोडं, चार-पाच वेळा. पोट गच्च भरलं की छाती आणि पोटामधला स्नायूचा पडदा खाली सरकत नाही आणि श्वास कोंडतो. दूध, दही, केळं ‘कफ करतं’ म्हणून बंद केलेल्या बायका हाडकुळ्या होतात, आणि या आजारात वजन उतरणं वाईट. गरम दूध, कुळथाचं पिठलं, अंडी, मुगाची आमटी, बाजरीची भाकरी आणि तीळ, सगळं चालेल.

आता छाती भरू लागल्यावर. तीन खुणा आईंना आणि घरातल्या प्रत्येकाला पाठ हव्यात : नेहमीपेक्षा जास्त दम, नेहमीपेक्षा जास्त बेडका, आणि बेडक्याचा रंग पांढऱ्याचा पिवळा-हिरवा होणं. एक खूण दिसली तर ‘गरजेचा’ पंप डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे वाढवा आणि दोन वेळा ऑक्सिजन मोजा. दोन खुणा एक दिवसापेक्षा जास्त टिकल्या तर त्याच दिवशी डॉक्टर. ‘दोन दिवस बघू’ यातच हिवाळे दवाखान्यात जातात. यावर उपचार म्हणजे बहुतेकदा पाच दिवस प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी, सहसा ४० मिलिग्रॅम सकाळी, आणि बेडका हिरवा असेल तर प्रतिजैविक. हे स्वतःहून घ्यायचं नाही, पण आत्ता, बरं असताना, डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या की कोणती खूण दिसली तर काय सुरू करायचं आणि कुणाला फोन करायचा. मधुमेह असेल तर या पाच दिवसांत साखर उसळते, तीही तपासा. अंग मोडून येऊन अचानक जोराचा ताप आला तर फ्लू असू शकतो. त्याचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सर्वांत उपयोगी.

ऑक्सिमीटर घ्या, पण आजच, बऱ्या दिवसांत, बसून पाच मिनिटांनी मोजून आईंचा नेहमीचा आकडा लिहून ठेवा. गार बोटावर, मेंदी किंवा नखपॉलिशवर तो चुकतो. हात चोळून गरम करा आणि आकडा मिनिटभर स्थिर होऊ द्या. ९३ वाल्या माणसाला ८९ येणं गंभीर, ९० नेहमीचाच असेल तर तेवढं घाबरायचं नाही. ८८ च्या खाली, वाक्य पूर्ण न बोलता येणं, ओठ निळे पडणं, आणि विशेषतः झोपाळूपणा किंवा बरळणं दिसलं तर १०८ ला फोन. दमाने घाबरलेला माणूस अचानक शांत झोपला तर बरं वाटलं असं समजू नका, रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्याची ती खूण असते. घरी ऑक्सिजन दिलाच असेल तर सांगितलेल्या लिटरवरच ठेवा. या आजारात बहुतेकांचं लक्ष्य ८८ ते ९२ असतं. ९८ दिसावं म्हणून नळ वाढवला तर तोच कार्बन डायऑक्साइड चढतो. त्या खोलीत दिवा, उदबत्ती, विडी काहीही पेटवायचं नाही.

पायांना सूज आली, बेडक्यात रक्त दिसलं, किंवा खोकल्यासोबत संध्याकाळचा बारीक ताप आणि वजन घटणं दोन आठवडे टिकलं तर ‘जुनाच दमा’ म्हणून बसू नका. सरकारी आरोग्य केंद्रात क्षयासाठी बेडक्याची तपासणी फुकट होते.

मुंबईचं म्हणाल तर दोन महिन्यांसाठी हलवण्याची घाई नको. गारठा कमी होईल, पण हिवाळ्यात तिथेही समुद्रावरचा वारा मंदावला की बांधकामाची धूळ आणि वाहनांचा धूर खालीच राहतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर तुमच्या भागाचा आणि नाशिकचा निर्देशांक आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाहून तुलना करा. २०० च्या वर ‘खराब’ धरतात. तिसऱ्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटमध्ये चालणं बंद होणार असेल तर आई शेतावरच बऱ्या, मात्र चूल-शेगडीशिवाय. थंडीच्या लाटेत आठ-दहा दिवस न्यायचं ठरलं तर दुपारचा प्रवास करा. रोजचा आणि गरजेचा पंप, स्पेसर, लिहून घेतलेला कागद आणि दवाखान्यातून शेवटचं घरी सोडताना दिलेला डिस्चार्जचा कागद हे सामानाच्या बॅगेत नको, आईंच्या हातातल्या पिशवीत ठेवा. कसारा घाटात गाडी अडकून तास-दोन तास गेले तर डिकीतला पंप काढायला उतरावं लागायला नको.